उघडलेली चाळीस काडतुसं

वसंता गेल्याची चिठ्ठी आली तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं ती हातात दिली, मी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि फळ्यावरचं समीकरण पुरं केलं. दुःख मागाहून आलं. त्या क्षणी मला नुसतं दमल्यासारखं झालं. दीड वर्ष तो छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. दीड वर्ष मी दर शनिवारी शाळा सुटली की अंधेरीहून बोरिवलीला जात होतो, आणि तो उठणार नाही हे दोघांनाही ठाऊक असताना, उठल्यावर काय काय करायचं ते आम्ही बोलत होतो. आता शनिवारी कुठं जायचं नाही, एवढंच मनात आलं. आज पाच आठवडे झाले... शनिवार तसेच पडून आहेत.

वसंता, माझा जुना मित्र, एका कचेरीत नकाशे काढायचा. दिवसभर टेबलावर वाकून केसाएवढ्या रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी बोरिवलीच्या त्या बैठ्या घरी परतायचं, असं साधं आयुष्य. वडिलांच्या मागे त्यांची परवान्याची रायफल याच्या नावावर झाली. शिकारीचा त्याला नाद नव्हता. जनावरावर त्यानं गोळी झाडल्याचं मला तरी आठवत नाही. त्याचं सगळं लक्ष कागदावरच्या काळ्या ठिपक्याकडे. मानखुर्दच्या बाजूला खाडीलगत एका क्लबचं मैदान होतं, मागं मातीचा उंच बांध. तिथं तो महिन्यातून दोनदा जायचा आणि पालथा पडून नेम धरायचा. मी एकदा गेलो होतो, कानठळ्या बसून परत आलो.

पुढं विलायती काडतुसं मिळेनाशी झाली. आयात आवळली गेली, आणि दुकानदार परवाना बघून नुसती मान हलवायला लागले. तेव्हा एक दिवस वसंता माझ्या शाळेत, थेट प्रयोगशाळेत आला. म्हणाला, "माधव, तुझ्याकडचा तो काचेच्या पेटीतला तराजू किती बारीक वजन दाखवतो रे?"

"का? सोनं घेतलंस की काय?"

"सोनं नाही. दारू मोजायचीय. बंदुकीची." आणि माझा चेहरा बघून हसला. "घाबरू नकोस, पोलिसांची लेखी परवानगी काढलीय."

झालं होतं असं, की देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या साहेबानं आपलं काडतुसं भरायचं यंत्र त्याला देऊन टाकलं होतं. लोखंडाचं, एका दांड्याचं, उसाच्या चरकाच्या लहान भावासारखं. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. ती त्या यंत्रात दाबून पुन्हा आकारात आणायची, तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि वर गोळी बसवायची. सांगायला चार वाक्यं. करायला लागलो तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत एक धड काडतूस झालं नाही. पुंगळ्या यंत्रात अडकायच्या, चेपायच्या, गोळ्या तिरक्या बसायच्या. वसंता काही बोलायचा नाही. बिघडलेली पुंगळी बाजूच्या डब्यात टाकायची आणि दुसरी घ्यायची, इतकंच. मी शाळेतला जुना, बाद केलेला तराजू मुख्याध्यापकांना विचारून आणून दिला आणि तो वापरायला शिकवला. पंखा बंद, खिडकीचं एक दार बंद, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.

त्याची बायको, सुमतीवहिनी, या उद्योगाला 'कारखाना' म्हणायच्या. रविवारी सकाळी कारखाना सुरू झाला की घरात चूल पेटत नसे. दारूचा डबा बंद होऊन कपाटात गेला की मगच चहा. "बाकीच्यांचे नवरे रविवारी मटण आणतात," त्या मला म्हणायच्या, "आमचे उपाशी ठेवतात." म्हणायच्या हसून, पण यंत्राचा दांडा खाली येताना त्या दर वेळी डोळे मिटून घेतात, हे मी पाहिलं होतं.

त्यानं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. दारू भरायला घेतली की बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. कारण साधं होतं. तो भरायचा ते माप लहान असे, पुंगळी अर्धीही भरत नसे. चुकून एकीत दोनदा पडली तर वरून कळायचंही नाही. आणि तसलं काडतूस झाडलं, तर बंदूक फुटून झाडणाऱ्याच्या तोंडावर यायची.

तीन वर्षांत त्याचा हात असा बसला, की क्लबातले लोक त्याची काडतुसं हातात घेऊन बघायला लागले. त्या हिवाळ्यातल्या वार्षिक स्पर्धेत वसंताच पहिला येणार, असं सगळे धरून चालले होते. नेमात त्याच्या जवळपास येणारा एकच जण होता, सामंत नावाचा, मुलुंडचा, मोठा शांत माणूस. वर्षभर वसंतानं बाकी काही केलं नाही. स्पर्धेसाठी चाळीस काडतुसं वेगळी करायची ठरवली, त्यासाठी चांगल्यातल्या चांगल्या गोळ्या राखून ठेवल्या.

ती चाळीस तो भरत होता, त्या रविवारी मी अचानक त्याच्या घरी गेलो. आदल्या दिवशी माझ्या थोरल्यानं घर सोडलं होतं. चिठ्ठी ठेवून, मला न सांगता. मास्तराचा मुलगा शाळा सोडून पळाला, आता लोकांना तोंड काय दाखवू, असं काहीबाही बडबडत मी सरळ कारखान्याच्या खोलीत शिरलो. त्याच्या हातात माप होतं. त्यानं ते खाली ठेवलं, माझ्याकडे खुर्ची सरकवली आणि म्हणाला, "बस. बोल." मी बोललो, रडलोही. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचे हात केव्हा पुन्हा कामाला लागले ते त्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही. मुलगा चार दिवसांनी परत आला, नाशिकला मामाकडे गेला होता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती बातमी सांगायला मी बोरिवलीला गेलो, तर वसंता चिमटा घेऊन बसलेला. समोर काडतुसं, आणि तो एकेक गोळी उपसून काढत होता.

"अरे, वाट लावलीस की! हे काय चाललंय?"

"उघडतोय."

"सगळी?"

"त्या दिवशी तू आलास तेव्हा मी कुठल्या पुंगळीपाशी होतो, ते मला आठवत नाही."

मी म्हटलं, वजन करू, तराजू आहे ना. त्यानं मान हलवली. "पुंगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. फरक पितळेचा की दारूचा, ते तुझा तराजू सांगणार नाही." मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाची मागून घे. तर म्हणाला, "बंदुकीचा नेम या काडतुसांवर बसवलाय रे. दुसऱ्याच्या काडतुसांनी नुसतीच हजेरी लागेल." चिमट्यानं उपसलेल्या गोळ्या ओरबाडल्या जातात, त्या पुन्हा स्पर्धेला चालत नाहीत, आणि तसल्या दुसऱ्या त्याच्याकडे उरल्या नव्हत्या. म्हणजे पहिली गोळी उपसली तेव्हाच त्याची स्पर्धा संपली होती.

मी शेजारी बसलो आणि प्रत्येक पुंगळीतली दारू तराजूत घालत गेलो. चाळीसच्या चाळीस बरोबर निघाली. एकातही कणाचा फरक नव्हता.

"सगळी बरोबर होती," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला.

"वसंता, मी बोलत सुटलो म्हणून..."

"तू बोलणारच होतास. हात मी थांबवायला हवा होता." आणि तो पुंगळ्या पुसायला लागला.

त्यानंतर तो स्पर्धेला कधी उतरला नाही. पुढच्या वर्षी हाताला बारीक कंप सुटला आणि त्यानं रायफल, यंत्र, सगळं रीतसर जमा करून टाकलं. मी सोबत होतो. इन्स्पेक्टर म्हणाले, "राहू द्या हो, वडिलांची आठवण आहे." वसंतानं टेबलावर हात पसरून दाखवला. "हा आता माझं ऐकत नाही साहेब." मग दुखणं आलं. मी मात्र तो स्पर्धेचा रविवार कधी विसरू शकलो नाही. मी घरात परत आलेल्या मुलासोबत जेवत होतो, आणि माझ्यामुळे माझा मित्र भिंतीकडे बघत बसला असणार, हे चित्र इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर राहिलं. त्याला विचारायचं धाडस दीड वर्षातल्या एकाही शनिवारी झालं नाही.

वसंताच्या तेराव्याला सामंत आला होता. कारखान्याच्या त्या खोलीत आम्ही दोघं बसलो असताना त्यानं हळूच विचारलं, "ते त्या वर्षी आले का नाहीत हो? मी जिंकलो खरा, पण कप घेताना चोरी केल्यासारखं वाटलं." मी त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "खरं सांगू? मी उघडली नसती." मीही उघडली नसती.

तो गेल्यावर वहिनी पाण्याचे पेले उचलायला आल्या. काय बोलणं चाललं होतं, असं त्यांनी विचारलं, म्हणून त्यांनाही सांगितलं, माझ्या मनातल्या त्या रविवारासकट. त्या पेले हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"भिंतीकडे? अहो भावजी, त्या रविवारी आम्ही गोराईला गेलो होतो! सकाळी उठून मला म्हणाले, आज कारखाना बंद, चल. होडीत बसलो, वाळूत चाललो, एका कोळणीच्या दारात बसून भाकरी आणि ताजे बोंबील खाल्ले. उन्हात टोपी तोंडावर घेऊन झोपले, ते पार चार वाजेपर्यंत. लग्नानंतर एवढा सबंध दिवस आम्हाला कधी मिळाला नव्हता." त्यांनी पेले खाली ठेवले. "तुम्हाला बोलले नाहीत?"

"नाही."

"मला वाटलं, तुम्हाला सगळं सांगत असतील," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.