विळीवर कोण बसणार

अड्यारच्या डॉक्टरांकडे जाताना माझ्या वहीत सतरा प्रश्न होते. आईचा डावा गुडघा बदलायचा होता. भूल, रक्त, फिजिओथेरपी, कमोडची उंची, काही सुटू नये म्हणून मी आठवडाभर लिहीत होते.

डॉक्टरांनी स्क्रीनवर तिच्या गुडघ्याचं चित्र फिरवून दाखवलं. छेद लहान, स्नायू कापायचा नाही, बाजूला सारायचा, मदतीला रोबो. मी आईला मराठीत सांगत गेले.

"म्हणजे यंत्र कापणार मला?"

"नाही गं. हात डॉक्टरांचाच. हाड किती काढायचं ते आधी ठरतं. हात त्याबाहेर जायला लागला की रोबो अडवतो."

"तुझ्यासारखाच की," आई म्हणाली. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

उठताना तिने यादीत नसलेला प्रश्न विचारला. "विळीवर बसता येईल ना?"

डॉक्टरांच्या आईकडेही विळी होती, त्यामुळे समजवावं लागलं नाही. ते म्हणाले, चालाल, जिना चढाल, पण जमिनीवर बसणं टाळा.

रिक्षाने वेलचेरीला घरी आलो. दारात चपला काढताना आई म्हणाली, "मग राहू दे ऑपरेशन."

दोन दिवस मी फायदे मोजून दाखवले. तिसऱ्या दिवशी ती भाजी चिरून उठली आणि ओट्याची कड धरून तशीच थांबली. मग माझ्याकडे न बघता बोलली. "खाली कोणाशी बोलावं तर इथली भाषा येत नाही. या घरात माझ्याकडे भाजी तेवढी आहे. तीही गेली तर दिवसभर काय करू?"

मी वही मिटली. "तू खुर्चीवर बस. विळीवर मी बसते. तू शिकव."

"तू? सुरीवाली? बोट कापशील."

"म्हणून तर तू हवीस समोर."

बराच वेळ ती विळी पुसत राहिली. "कोबी बारीक लागेल मला," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून ती चार पावलं चालली. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तिने खुर्ची स्वयंपाकघरात मागवली. मी विळीचा पाट पायाखाली दाबून बसले, तेवढ्यात माझा गुडघा कटकन वाजला.

"कधीपासून वाजतोय?"

"झालं असेल वर्ष."

"आणि वहीत नाही लिहिलंस?" तिने हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. "संध्याकाळी तेल चोळून देते. पात्याकडे बघ आता. जाड चिरतेयस."