अंडेवाल्या मॅडम

अंड्यासमोर मॅडमचा आवाज आपोआप खाली जायचा. एरवी वाशीमच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना तो पार गेटापर्यंत ऐकू यायचा. पण उबवणीच्या पेटीतलं अंडं हातात घेतलं, चिमट्याने कवचाला बारीक खिडकी पाडली, की त्या कुजबुजायच्या, "पाहा. पिलू अजून झालंच नाई, अन् काळीज सुरू झालं." पिवळ्या बलकावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका धडधडत असायचा. आम्ही त्यांना अंडेवाल्या मॅडम म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

"काळजाले कोणी शिकवत नाई," हे त्यांचं पालुपद. पेशींमधली जनुकं एकमेकांना पाळीपाळीने जागं करतात. आधी साधी सरळ नळी होते, ती वळते, तिच्यात कप्पे पडतात, रक्तवाहिन्या आपली वाट काढत जातात. इतकी वर्षं शिकवूनही हे सांगताना त्या मध्येच थांबायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या.

माझ्या वहिनीची मुलगी काळजात छिद्र घेऊन जन्मली. आसेगावला आमच्या घरात एकच बोलणं: हिने ग्रहणात भाजी चिरली. आई वहिनीशी बोलेना, वहिनी जेवेना. मी मॅडमना सांगितलं. रविवारी त्या एसटीने आल्या, शालीत गुंडाळलेलं अंडं मांडीवर सांभाळत.

ओसरीत बसून त्यांनी खिडकी पाडली. वहिनीने पाहिलं. आईनेही मान पुढे केली.

"पोरीचं हे माह्याच हातानं झालं का जी?" वहिनीने विचारलं.

"बाई, तिचं काळीज सुरू झालं तवा तुले दिवस गेल्याचंही धड माईत नसन. मधातली भिंत पुरी झाली नाई. काहून, ते मलेही सांगता येत नाई. पण ग्रहणानं नाई, अन् विळीनं तर नाईच."

आई बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग उठली, ताट वाढून आणलं आणि वहिनीपुढे ठेवलं. "जेव वो माय," एवढंच म्हणाली.

नागपूरला पोरीचं ऑपरेशन झालं तोवर मॅडम निवृत्त होऊन लेकाकडे गेल्या होत्या, अंथरुणाला खिळल्या होत्या. पुढे महिनाभरात त्या गेल्याच. वॉर्डातून मी लावलेला फोन हे आमचं शेवटचं बोलणं.

"मॅडम, पोर बरी आहे. डॉक्टर म्हणाले..."

"सांगू नको," त्या म्हणाल्या. "मले आयकू दे."

मी फोन पोरीच्या उशाशी, मॉनिटरजवळ धरला. टिक्, टिक्, टिक्. त्यांनीही फोन ठेवला नाही, मीही नाही.