आस्टाने स्वतःचं सूत्र खोडलं

नॉर्बी गावच्या सभागृहात आस्टा उभी राहिली, तेव्हा कॉफी संपत आली होती आणि ठराव जवळजवळ मंजूर झाला होता. लिमफ्योर्ड खाडीच्या पाण्यात आठ पवनचक्क्या, चार-चारच्या दोन रांगा, अख्ख्या गावाच्या मालकीच्या.

"दोन रांगांतलं अंतर कमी आहे," आस्टा म्हणाली. "मागची रांग उपाशी राहील."

नकाशा आखणारा अभियंता येस्पर हसला. "अगं, अंतर तुझ्याच सूत्रातून काढलंय! अभियंत्यांच्या पुस्तकात तुझं नाव आहे."

"म्हणून तर बोलतेय."

आस्टा सुताराची मुलगी. तीस वर्षं तिने एकच गोष्ट मोजली. चक्की वाऱ्याचा जोर काढून घेते आणि मागे दमलेली हवा सोडते. आजूबाजूचा धडधाकट वारा भोवरे करत तिच्यात मिसळतो, तेव्हा ती पुन्हा ताजी होते. हे मिसळणं जितकं जलद, तितकी मागची चक्की जवळ उभी करता येते. त्या मिसळण्याला आस्टाने आकडा दिला आणि त्या भरवशावर देशभर चक्क्या उभ्या राहिल्या. गावाला तिचा अभिमान होता, पण तोंडावर कुणी बोललं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला चांगलं म्हटलं, तर याला ताप तर नाही ना, असं वाटतं.

तिची चूकही आमच्या मातीतलीच. आमच्या पश्चिम युटलंडात वारा म्हणजे पश्चिमेचा. पूर्वेच्या वाऱ्याला कोण विचारतो? आस्टाने मापं घेतली ती सगळी शरदातल्या पश्चिमी वाऱ्यात, जेव्हा हवा मुळातच घुसळलेली असते.

ईल मासे धरण्यात ज्याची हयात गेली तो म्हातारा एयनर, गेल्या मे महिन्यात तिच्याकडे बसला असताना सहज बोलून गेला, "या दिवसांत पूर्वेचा वारा असला ना, की पलीकडच्या काठावर बायका कुणाची उणीदुणी काढतायत ते मला होडीत ऐकू यायचं. थंड पाण्यावर हवा कशी घडी घातल्यासारखी पडून असते."

आस्टाने हातातला घास खाली ठेवला. घडी घातलेली हवा मिसळणार कशी? तिने पाण्याचं आणि हवेचं तापमान घालून सगळं गणित मुळापासून पुन्हा मांडलं. आठ महिने गेले. उत्तर आलं, की मे महिन्यात दमलेली हवा दुप्पट लांब जाते.

"रांग मागे नेली तर पाणी खोल लागतं," येस्पर म्हणाला. "एक चक्की सोडावी लागेल. आणि मग अहवालात काय लिहू? आस्टा चुकली म्हणून?"

"लिही. ठळक लिही."

ही जर पुन्हा चुकली, तर गाव एका चक्कीला मुकणार होतं आणि तिच्या शब्दाला काडीची किंमत उरणार नव्हती. तरी आस्टा खाली बसली नाही.

"शहाणी माणसं खंडीभर ऐकली," एयनर खुर्चीतूनच म्हणाला. "स्वतःचंच लिहिलेलं खोडणारी ही पहिलीच. माझा हात वर."

हळूहळू बाकीचे हात वर गेले. चार मतांच्या फरकाने आस्टाचं म्हणणं मान्य झालं.

दोन वर्षांनी, मे महिन्यात पूर्वेचा वारा सुटला. त्या सकाळी काठावर सगळं गाव होतं. प्रत्येकजण म्हणे कुत्र्याला फिरवायला आला होता. पुढच्या चार चक्क्या फिरत होत्या. मागच्या तीन जवळजवळ त्यांच्या बरोबरीने फिरत होत्या. येस्पर आकड्यांचा कागद घेऊन धावत आला. आस्टाने आखलेल्या रेषेवर मापाचा प्रत्येक ठिपका बसला होता.

एयनरने त्या कागदावर नजर टाकली. मग म्हणाला, "वाईट नाही."

आमच्याकडे ही मोठी स्तुतीच, आणि यावर 'कसलं काय' म्हणायचं असतं. आस्टानेही आयुष्यभर तेच म्हटलं होतं. त्या दिवशी मात्र तिचा ऊर भरून आला.

"वाईट नाही काय, एयनर? उत्तम आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आणि ते मी केलंय."

कुणी हसलं नाही. एयनरने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.