कुंभारीच्या पुढे मेंढरं आडवी आली

लागोपाठ दोन रविवार मी चौदाव्या किलोमीटरला हार मानून परत आले होते. जानेवारीत एकवीस किलोमीटरची शर्यत होती, नाव नोंदवून झालं होतं, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी पळायला लागलेल्या माझ्यासारख्या शाळेतल्या बाईला हे झेपेल का, ही शंका मन कुरतडत होती. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालता चालता पळायला लागले आणि गोडी लागली. पहिल्या दिवशी मैदानाची एक फेरी मारताना धाप लागली होती. आठ महिन्यांत दहा किलोमीटर सहज व्हायला लागले. त्यापुढे मात्र पाय ऐकेनात. रोज सकाळी अक्कलकोटच्या स्वामींच्या तसबिरीपुढे हात जोडायचे, पण खरं सांगते, ती प्रार्थना नव्हती, हुकूम होता. या रविवारी मला न थांबता पार वीस किलोमीटरवरच्या वळसंगपर्यंत पोचवा!

तो नोव्हेंबरातला रविवार. अक्कलकोट रोडने निघालो, मी पळत आणि आमचे हे पाणी घेऊन स्कूटीवर मागे. कुंभारीत स्कूटी पंक्चर झाली. "तू हो पुढं, मी आलोच," म्हणाले. हातातल्या छोट्या बाटलीवर मी निघाले. ऊन चढलं, बाटली संपली. कानात घूं आवाज, डोळ्यांपुढे रस्ता हलतोय, तोंडात स्वामींचं नाव, आणि मनात एकच हट्ट की थांबायचं नाही.

तेवढ्यात शेतातून मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. संपता संपेना. मी चरफडत जागच्या जागी पाय हलवत राहिले, "लवकर हाका की जरा," असं ओरडलेही. कळपामागची म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती. रस्ता मोकळा झाला, मी पाऊल उचललं आणि गुडघेच दुमडले. पडायच्या आत तिनं माझा दंड धरला आणि बाभळीखाली नेऊन बसवलं.

"कोन लागलंय तुज्या मागं, एवडी पळतीस?"

"कुणी नाही. शर्यतीची तयारी करतेय. मला थांबायचं नव्हतं."

"तोंडावर मीठ फुटलंय की तुज्या. थांबायचं न्हाय म्हनून सांगितलं कुनी?"

तसं कुणीच सांगितलं नव्हतं. स्वामींनी तर नाहीच.

तिनं आपल्या बाटलीतली खारट आंबील मला घोटाघोटानं पाजली. मैंदर्गीकडची, नाव गिरिजव्वा. "लांब जायचं तर बसत बसत जावं लागतंय," ती म्हणाली, "मेंढरं बी आमी तशीच न्हेताव." हे येऊन पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. समोरून उसाने लादलेले ट्रॅक्टर एकामागून एक जात होते. आणखी थोडं पुढे मी भर रस्त्यात कोसळले असते.

मेंढरं त्याच घडीला का आली, याचा काथ्याकूट मी करत नाही. ती रोजच कुठला ना कुठला रस्ता ओलांडतात. पण 'जरा दमानं घे' म्हणून समजावणाऱ्या सगळ्यांना मी तोवर उडवून लावलं होतं. माझा हट्ट मोडायला रस्ताच अडवावा लागला, आणि तो स्वामींनी अडवला असं माझं मन सांगतं.

जानेवारीत सोळाव्या किलोमीटरला पोटऱ्या आखडल्या. मी फुटपाथवर बसले, मीठ-लिंबाचं पाणी प्यायले. कितीतरी जण पुढे निघून गेले. आधीची मी तिथे रडले असते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "स्वामी, पळणं माझं, पोचवणं तुमचं." थोड्या वेळानं पाय सुटले. शेवटून चौथी आले, पण हसत आले.

आता बेचाळीस किलोमीटरसाठी नाव दिलंय. झेपेल का, असं शाळेत सगळ्या विचारतात. झेपेल. किती वेळात, ते मात्र मी ठरवलेलं नाही. ते स्वामींवर सोपवल्यापासून माझी पावलं हलकी पडतात.