मला कुणीतरी एकच सांगा

सहावीच्या वर्गात मी नकाशावर तापीचा उगम दाखवत होते, तेवढ्यात प्रसूतिगृहातल्या आयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "अक्का, चला," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "कशी आहे?" तर पुन्हा तेच, "चला तुम्ही..." हातात खडू तसाच धरून मी धुळ्याच्या उन्हातून चालत सुटले. सकाळी आठ वाजता मी तिला चहा पाजला होता. बशीत ओतून, फुंकर घालून. पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि तिच्या अंगावर डोक्यापासून पांढरी चादर ओढलेली होती. शेजारच्या पाळण्यात पाच दिवसांची पोर मुठी मिटून झोपली होती. कुसुम, माझ्या धाकट्या भावाची, वसंताची बायको, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेली, त्याला आज सहा आठवडे झाले.

ती मूळची पाचोऱ्याची. लग्न होऊन जळगावला आमच्या घरी आली ती हसत आणि पाच वर्षं हसतच राहिली. वसंता कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. घरात तो, ती आणि आमची आई. मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवते, तिथेच एका खोलीत राहते. पण सुटी लागली की जळगाव गाठायची, आणि खरं सांगायचं तर कुसुमसाठीच गाठायची. माझी आई पिंपळनेरकडची. तिची अहिराणी आम्हा पोरांना समजते, पण बोलताना जीभ अडखळते. कुसुमनं वर्षभरात ती अशी उचलली की सासूला सासूच्याच ठसक्यात उत्तर द्यायची आणि आई रागवायचं विसरून तोंडाला पदर लावून हसायची. एकच गोष्ट होती. दहाव्या वर्षी तिला सांधे सुजून मोठा ताप आला होता, चार महिने अंथरुणात होती. ती बरी झाली आणि घरच्यांनी तो विषय तिथंच मिटवला. जिना चढताना तिला धाप लागायची, तेव्हा "मी जरा लठ्ठ झाले," असं म्हणायची. लठ्ठ कसली, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

गौरी-गणपतीच्या सुमारास तिला दिवस राहिल्याचं कळलं. पाच वर्षांनी. आईनं साखर वाटली. नवरात्रात तिला खोकला झाला म्हणून वसंता तिला जळगावातल्या एका जुन्या, नावाजलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं, मग तिला बाहेर बसवून वसंताला सांगितलं, "हिच्या हृदयाची झडप आकसली आहे. त्या लहानपणच्या तापाचा हा परिणाम. हे मूल काढून टाकावं लागेल, आणि तेही पंधरा दिवसांच्या आत. आईच्या जिवाला धोका असला की कायदा आड येत नाही, मी तसं लिहून देतो. ठेवलंत, तर सातव्या महिन्यानंतरची हमी माझ्याकडे मागू नका." वसंतानं मला तार केली. मी धुळ्यातल्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंना ओळखत होते. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींच्या आया त्यांच्या हातून सुखरूप बाळंत झालेल्या. मी उलट तार केली, घेऊन ये.

एस.टी.चे धक्के नकोत म्हणून ती दोघं रेल्वेनं यायला निघाली. मी चाळीसगावापर्यंत त्यांना घ्यायला गेले. तिथं गाडी बदलायला पूल चढावा लागतो. निम्म्या पायऱ्यांवर कुसुम खाली बसली. ओठ निळसर झालेले, कपाळावर घाम. हमाल, बोचकी, माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि ती माझा हात धरून म्हणाली, "अक्का, पाचोऱ्याला गाडी थांबली ना, तेव्हा वाटलं उतरावं आणि आईकडे पळून जावं..." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. त्या पायरीवर मी पहिल्यांदा घाबरले.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि अगदी उलट सांगितलं. झडपेचा दोष आहे, मान्य. पण आता भूल देऊन पिशवी मोकळी करायची म्हणजे अशा हृदयाला तोही तेवढाच धोका. त्यापेक्षा आजपासून पडून राहायचं, मीठ बंद, जिना बंद, गोळ्या वेळेवर. सातवा लागला की धुळ्याला आणून ठेवायचं. "अशा बायका मी सोडवल्या आहेत," त्या म्हणाल्या. कुसुमनं विचारलं, "सगळ्या वाचल्या?" बाई खऱ्या होत्या. म्हणाल्या, "सगळ्या नाही."

मी त्यांच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि रजा टाकून त्या दोघांबरोबर जळगावला आले. मला वाटलं होतं, दोन शहाणी माणसं एकमेकांशी पत्रानं का होईना बोलतील आणि आम्हाला एक वाट दाखवतील. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून माझ्याकडे परत दिली. "त्यांना जबाबदारी घ्यायची असेल तर घेऊ द्या. माझं मत बदललेलं नाही. तुमच्याकडे चार दिवस आहेत." मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही अडाणी माणसं. कोणाचं ऐकायचं?" ते म्हणाले, "ते तुम्ही ठरवायचं." चार दिवस! वसंता कामावर गेला नाही. ओसरीवर बसून राहायचा. कुसुमनं विचारलं की म्हणायचा, "तू म्हणशील तसं." ते प्रेमानंच म्हणायचा, पण त्या शब्दांनी तो तिला एकटं टाकतो आहे हे त्याला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती एकदम माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "मला कुणीतरी एकच काय ते सांगा हो अक्का. चुकीचं असलं तरी चालेल. हे दोन्हीकडून ओढणं मला सोसत नाही." मी बोटं पुन्हा तेलात बुडवली. मग तिनं विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

मी म्हटलं, "मी ठेवलं असतं."

इतक्या पटकन म्हटलं, की माझं मलाच नवल वाटलं. ती लगेच मान हलवून म्हणाली, "मग ठरलं." डोक्यावरचा भरलेला हारा कुणी उतरवून घ्यावा तसा तिचा चेहरा झाला. मी डॉक्टर नव्हते. त्या दोघांपैकी कोण बरोबर, हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. मी बाविसाव्या वर्षी विधवा झाले, मला मूलबाळ नाही. पाळण्यात हात घालायची ओढ माझ्यात इतकी वर्षं होती आणि त्या दुपारी बहुधा तीच बोलली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वसंतालाही नाही. तो हे इथंच वाचेल.

हिवाळाभर ती पडून होती. पडून राहणं सुद्धा आमच्या घरात एकमतानं झालं नाही. आईला ते पटेना; तिच्या वेळच्या सगळ्या बायका शेवटपर्यंत कामात. "आम्ही बठ्ठ्या काम करता करता बाळंत व्हयनूत. पडी ऱ्हायनं म्हंजे बाळ पाठले चिटकस," असं ती दिवसातून दहादा म्हणायची आणि मीठ नसलेलं वरण पाहून कळवळायची. माझ्या पाठीमागे चिमूट चिमूट मीठ घालायची, अंगणात चार पावलं चालवायची. दुष्टपणा नव्हता त्यात, सात बाळंतपणांचा अनुभव होता. कुसुम एकदा म्हणाली, "माय, तुम्ही डॉक्टरले सांगा, डॉक्टर तुम्हले सांगी, मी तवलग पडी ऱ्हास." आई हसली. कुसुमही हसली, आणि मग खोकत राहिली. संक्रांतीनंतर तिच्या पायांवर सूज आली. जळगावच्या डॉक्टरांना बोलावलं, तर ते म्हणाले, गोळ्या वाढवा. धुळ्याहून बाईंचं पत्र आलं, गोळ्या वाढवू नका, नाडी मंद होईल. वसंता ती बाटली हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. शेवटी त्यानं अर्धी गोळी जास्त दिली. दोघांचंही थोडं थोडं ऐकलं म्हणायचं... आणि कुणाचंच नाही.

सातवा लागताच जिनिंगच्या मालकांनी मोटार दिली आणि आम्ही तिला धुळ्याला आणलं. आठव्यात, फाल्गुनात, ती बाळंत झाली. सोपी सुटली. मुलगी झाली, लहानखुरी पण रडायला खणखणीत. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन माझा हात दाबला. आईनं जळगावात देवापुढे दिवा लावला. वसंता दोन दिवस राहून गेला, जाताना शीळ वाजवत होता. आम्ही समजलो, सुटलो. चौथ्या दिवशी कुसुम पोरीला छातीशी धरून मला म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं." पाचव्या दिवशी, दहाच्या सुमारास, तिची छाती भरून आली. बाईंनी इंजेक्शनं दिली, प्राणवायूची नळी लावली. तासाभरात सगळं संपलं. मी तापीचा उगम शिकवत होते.

वसंता आला तेव्हा त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी मीठ खरंच बंद होतं ना?" काय सांगू? आईला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती जळगावात भिंतीला टेकून म्हणत राहिली, "मीच तिले ऊठ म्हनं, व माय... मीच म्हनं."

गेल्या आठवड्यात पोरीला ताप आला म्हणून मी तिला जळगावच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या एवढ्याशा छातीला नळी लावली. किती वेळ ऐकत होते! मग म्हणाले, "हृदय उत्तम आहे. ताप साधा आहे." मला गप्प बसवेना. विचारलं, "डॉक्टर, तुमचं ऐकलं असतं तर?"

त्यांनी पोरीकडे पाहिलं. "तर ही नसती."

"आणि कुसुम असती?"

मला वाटलं, ते हो म्हणतील. हो म्हणाले असते तर मी निदान स्वतःला दोष देऊन मोकळी झाले असते. ते खुर्चीत मागे टेकले. एकदम म्हातारे दिसायला लागले. म्हणाले, "बाई, तेव्हा मी ठामपणे बोललो. तसं बोलावंच लागतं. पण भुलीतच गेली असती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही." मी पोरीला उचलून चालत घरी आले. कुसुम मागत होती ते एक उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच, आणि ते मीच दिलं.

मी बिनपगारी रजा घेऊन सध्या जळगावला आहे. पोर माझ्याच कुशीत झोपते. तिच्या अंगाला दुधाचा वास येतो, मी तिला घट्ट धरते, आणि मग मला माझीच भीती वाटते. आमच्या पुढच्या दाराला लोखंडी कडी आहे, जड. कुसुम झोपून असायची त्या दिवसांत कडीचा आवाज झाला की ती दचकायची, छाती धडधडायची. म्हणून वसंतानं तिच्याच एका जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून कडीला गुंडाळली होती. ती अजून आहे. उन्हानं विटली आहे, कडेला धागे सुटले आहेत. काढावी असं आईच्या मनात येत नाही, माझ्याही नाही. वसंता संध्याकाळी कामावरून येतो, दाराबाहेर चपला काढतो, आणि अजूनही दोन्ही हातांनी ती कडी धरून, आवाज होऊ न देता, हळूच खाली सोडतो.