व्याह्यांचा खोकला

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवापुढेही बोलले नाही — त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला त्या वर्षी मला खोकला लागला. दोन महिने हटला नाही. मग थुंकीत रक्त दिसलं. यावलमध्ये दाखवलं असतं तर दिवेलागणीपर्यंत गावभर झालं असतं. बहीण आजारी आहे असं सांगून एस.टी.त बसले आणि धुळ्याला गेले. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे. जुना.

जुना कसा? माझी आई क्षयानेच गेली, मी तेव्हा आठ वर्षांची. जंतू तेव्हाच शिरले होते म्हणे. अंगात मारेकरी पेशी असतात, जंतू जिच्यात लपला ती पेशी त्या हुडकून मारतात, उरलेल्यांना कोंडून ठेवतात. माणूस म्हातारं झालं की त्याही म्हाताऱ्या होतात. वैरी दिसतो, पण मारायचं बळ राहत नाही. मला लगेच कळलं. आमच्या केळीच्या बागेतला राखणदार तसाच झाला होता — डुकरं दिसायची, पण म्हातारा खाटेवरूनच हाळी द्यायचा.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? सगळ्यांना तपासावं लागेल.

मी म्हणाले, एकटीच राहते.

नात दीड वर्षांची होती. माझ्याच कुशीत झोपायची. गोळ्या मी डाळीच्या डब्यात लपवल्या, घेतल्याही — पण तिला दूर केलं नाही. दूर केलं असतं तर सुनेने विचारलं असतं, का? मग माझं ताट वेगळं झालं असतं, चुलीपुढची जागा गेली असती. एवढंच. याहून मोठं कारण नव्हतं.

चार महिन्यांनी पोरीच्या मानेला गाठी आल्या. ताप उतरेना. गावातले डॉक्टर म्हणाले, हा क्षय आहे, जवळच्या कोणाला तरी खोकला असणार. माझा तोवर थांबला होता. कोणी काही आठवायच्या आत मीच बोलले — "शिरपूरचे व्याही खोकतात ना!"

सुनेचे वडील आखाजीच्या सणाला लेकीला न्यायला आले. मी त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं. ते हसले. "अक्का, हाऊ खोकला कापूसना शे. जिनिंगमा उमर गयी मनी."

"कापसाचा असो की कशाचा," मी म्हटलं, "पोरीला हात लावू नका."

सून दाराआड उभी होती. ती वडिलांबरोबर गेली नाही. त्यांनी आंब्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्टँडकडे चालू लागले. किती वेळ बघत होते मी? पार वळणापर्यंत.

औषधांनी नात बरी झाली. व्याही पुन्हा आले नाहीत. पुढे सून दोनदा माहेरी गेली — दोन्ही वेळा पोरीला जपायला माझ्यापाशी ठेवून.

तीन वर्षांनी ते वारले. मी शिरपूरला दुखवट्याला, दारावर बसायला गेले. विहीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "त्यासले शेवटलगून वाटे, पोरले मीच दुखणं दिधं."

मी मान डोलावली. एवढंच केलं.