बिनदाराचा कालवा

आमच्या दारासमोरून पाणी जायचं, पण ते आमच्यासाठी नव्हतं. बाबा नहरवर (आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात) चौकीदार होते. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर, काठालाच दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर होतं. वरून पाणी सुटलं की बाबा चाक फिरवून गेटची लोखंडी फळी वर करायचे आणि पाणी लोकांच्या धानाला जायचं. आमची वीतभरही जमीन नव्हती. आई त्याच धानात रोजीनं रोवणीला (भाताच्या लावणीला) जायची. सुरुवातीची अकरा वर्षं बाबा रोजंदारीवर होते. नहर बंद झाली की काम बंद, आणि मग उन्हाळ्यात आंबील पिऊन आम्ही दिवस ढकलायचो.

मी आमच्या घराण्यातली पहिली बी. ए. हे मी लपवत नाही, उलट सांगतच असते. निकालाच्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बाहेर साहेबांच्या जीपचा हॉर्न वाजला. बाबा भरल्या ताटावरून उठले, उष्ट्या हातानं धावत गेले आणि नहरच्या रस्त्यावरचं गेट उघडून उभे राहिले. साहेब जीपमधून खालीही उतरले नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या बापाला एक दिवस अशा ठिकाणी नेऊन बसवीन, जिथं त्याला कोणासाठी काही उघडावं लागणार नाही.

आता मी नागपूरच्या महाल भागातल्या एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते आणि तिथंच सक्करदऱ्याला आमचं घर आहे. आई-बाबाही आमच्याजवळच राहतात. एका संध्याकाळी फोनवर इंग्लंडच्या कालव्यांचा व्हिडिओ दिसला. पूर्वी या कालव्यांतून घोड्यांनी ओढलेल्या नावांमधून कोळसा जायचा. आता लोक तिथं नाव भाड्यानं घेतात, आठवडाभर तीतच राहतात, रांधतात, आणि ती स्वतःच चालवतात. नावेची रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र आमच्या अख्ख्या घरापेक्षा जास्त. मी बाबांना बोलावून दाखवलं. व्हिडिओत नाव एका दगडी हौदात शिरली, मागचं दार बंद झालं, पाणी भरत गेलं, नाव वर आली आणि पुढचं दार उघडलं. त्याला लॉक म्हणतात. पाण्याची पायरीच ती.

बाबांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.

"हे दार माणसानंच लोटाचं का वं?" त्यांनी विचारलं.

"हो. ज्याची नाव त्यानंच."

हे बोलता बोलता मी दचकले. सात समुद्र ओलांडून जायचं आणि तिथंही माझ्या बापानं गेट उघडत बसायचं? छे!

म्हणून मी कामाला लागले. चार महिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. लाल पेनानं गावं, पाण्याचे नळ, दुकानं, नाव वळवायच्या जागा, सगळं आखलं. नवरा, प्रकाश, येता जाता म्हणायचा, "मॅडम, आपण सुट्टीवर चाललो की परीक्षा घ्यायला?" आईनं तर पहिल्याच दिवशी हात जोडले. "मले नाही पाण्यावर झोपाचं बाप्पा. जिंदगी पाण्याकाठी गेली, भेटलं काय तं मच्छर." शेवटी मला हवा होता तसा कालवा सापडला. डोंगरउतार टाळत, एकाच पातळीवरून वळणं घेत जाणारा. भूगोलाच्या बाईला तो सापडणारच होता.

"याच्यात दारं किती आहेत?" बाबांनी नकाशावर वाकून विचारलं.

"एकही नाही बाबा! मुद्दाम शोधून काढला."

"एकबी नाही?"

"एकही नाही. तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं."

"बरं," बाबा म्हणाले. थोडा वेळ ते नकाशा पाहत राहिले आणि मग घराजवळच्या तलावाकडे फिरायला गेले. त्या 'बरं'चा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

मे महिन्यात आम्ही तिघं नागपूरच्या उन्हातून निघालो ते लंडनला उतरेपर्यंत बाबांनी स्वेटर अंगातून काढलं नाही. तिथून आगगाडीनं इंग्लंडच्या मधल्या भागात आलो. धक्क्यावर हिरव्या रंगाची आमची नाव बांधलेली होती. दाढीवाल्या मालकानं सुकाणू कसं धरायचं ते शिकवलं. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे लोटायचा. प्रकाश म्हणाला, "घरातही हेच करतो मी." शेवटी मालकानं विचारलं, "तुमच्या वाटेवर लॉक नाहीत, पण पलीकडे एक सरावाचा आहे. अर्धा तास लागेल. दाखवू?" मी नको म्हटलं.

"काय म्हणे तो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. उगाच वेळ गेला असता."

निघालो. वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढाच. काठच्या काटेरी कुंपणांवर पांढऱ्या फुलांचा बहर होता, त्यापलीकडे मेंढ्या आणि प्रत्येक वळणावर विटांचा कमानीचा पूल. पुलाखालून जाताना प्रकाश श्वास रोखून धरायचा. तरी पहिल्याच दुपारी नाव गाळात रुतली आणि तासभर बांबूनं ढोसत बसावं लागलं. मी ज्वारीचं पीठ नेलं होतं. पहिली भाकरी तव्यावरून आचेवर टाकली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही बोंबलला, की काठावरची बदकं उडाली. बाबा तेवढे पोटभर हसले. "गाव जमा करतं का वं?"

दुसऱ्या दिवशी एका गावात तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड फोडी खाल्ल्या. वरून लाल तिखट घेतल्यावर त्या गोड लागल्या. तिथंच काठावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा भेटला. त्यानं बाबांकडे पाहून विचारलं की हे काय काम करायचे. मी ताठ मानेनं सांगितलं, इरिगेशन खात्यात होते.

"काय सांगितलं त्याले?" बाबांनी विचारलं.

"इरिगेशनमध्ये होते म्हटलं."

"गेटवर होतो म्हणाचं ना. त्याले समजलं असतं."

मी हसून विषय टाळला. आता लिहिताना हसू येत नाही.

तिसऱ्या सकाळी मी उठले तर बाबा नावेत नव्हते. दीड तासानं काठावरच्या पायवाटेनं परत आले. बूट दवानं भिजले होते.

"कुठं गेला होता?"

"पुढं पाहून आलो. काहीच नाही. सपाट आहे सारं."

"सपाटच आहे बाबा. म्हणून तर हा घेतला," मी म्हटलं आणि त्यांच्या हातात चहा दिला. पुढच्या टोकाशी त्यांची खुर्ची मांडून दिली. ते बसले. पाणी पाहत राहिले. मी त्यांचे फोटो काढले आणि आमच्या बुद्धविहारातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकले. 'साहेबासारखे दिसतात,' असं एकीनं लिहिलं. मला तेच हवं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी आईला फोन लावला. बाबा काठावर होते.

"दारं पाहिली का त्यानं?" आईनं पहिलंच विचारलं.

"कोणती दारं?"

"अवं, महिनाभर दुसरं काही बोलून नव्हता राहिला. आपल्या नहरवरचं गेट इंग्रजाच्या काळचं, मंग इंग्रजाच्या घरचं गेट कसं असन, एकडाव हात लावून पाहीन म्हणे."

"मंग मले काहून नाही सांगितलं त्यानं?" मीही घरच्या बोलीवर आले.

"तू विचारलं का? तू नकाशा दाखवून राहिली होती, विचारून नव्हती राहिली."

मी फोन ठेवला आणि बाबांजवळ जाऊन बसले. खरं का ते विचारलं. बाबा ओशाळले, जणू चूक त्यांचीच होती.

"जाऊ दे ना वं. तू एवढी शिकलेली. चार महिने लाल पेनानं आखलं. मी काहून मोडता घालू?"

"तुम्हाला आयुष्यभर तेच करावं लागलं, म्हणून मी..."

"करावं लागलं कायले? ते माझं काम होतं. माझ्या गेटमधून कधी पाणी वाया नाही गेलं."

मी लगेच मालकाला फोन केला. तो म्हणाला, लॉकचा जिना दुसऱ्याच कालव्यावर आहे, नावेनं तीन दिवसांवर, आणि शनिवारी सकाळी नाव परत हवी. मोटारीनं मात्र अर्ध्या तासाची वाट. उरलेले दिवस आम्ही आल्या वाटेनं परत फिरलो. तेच पूल, त्याच मेंढ्या. बाबा खुर्चीत बसायचे आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शनिवारी नाव सोपवली आणि टॅक्सी केली. टेकडीच्या उतारावर एकावर एक आठ लॉक होते. दारं लोटायच्या काळ्या-पांढऱ्या रंगाच्या लाकडी तुळया, दोन्ही काठांवर गवत. खालच्या हौदात एक नाव शिरली होती. तिच्यातल्या जोडप्यापैकी नवरा सुकाणूवर आणि बायको हँडल घेऊन काठावर. तिनं हँडल फिरवून दारातल्या छोट्या खिडकीची फळी उचलली आणि पाणी घुसळत आत येऊ लागलं. बाबा तुळईपासून चार पावलांवर उभे राहिले.

"विचार वं तिले, हात लावू का?"

मी विचारलं. आणि या वेळी नीट सांगितलं, माझे बाबा जन्मभर कालव्याचे गेटमन होते. बाईचा चेहरा उजळला. तिनं बाजूला होऊन त्यांना जागा दिली. बाबांनी तिच्याकडे पाहून पाठ तुळईला टेकवली. थोड्या वेळानं बाई म्हणाली, आता लोटा. बाबांनी पाण्याकडे पाहत मान हलवली आणि चार बोटं दाखवली. दोन्हीकडचं पाणी समान व्हायला अजून चार बोटं बाकी होती. बाई हसली आणि थांबली. मग बाबांनी टाचा रोवल्या आणि ते प्रचंड दार आवाज न करता सरकू लागलं. प्रकाशनं फोन काढला होता. मी त्याला खुणेनं नको म्हटलं.

नाव पुढं गेल्यावर बाईनं वर हात केला. अजून सात आहेत, येता का बरोबर?

मी घड्याळ पाहिलं. लंडनची गाडी पावणेदोनची होती, तिकिटं काढलेली होती, नकाशावर लाल पेनानं लिहिलेलं होतं. मी नाही म्हटलं. बाबांनी बाईला नमस्कार केला आणि टॅक्सीकडे चालू लागले. पावणेदोननंतर दर तासाला गाडी होती. स्टेशनवर लावलेलं वेळापत्रक मी वाचलं तेव्हा आमची गाडी फलाटाला लागत होती.

नागपूरला परतल्यावर कॉलेजात माझं प्रवासावर भाषण ठेवलं. मी तिथं सरळ सांगितलं की मी सहल छान आखली आणि चुकीची आखली. दिवाळीनंतर बाबांच्या दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. दुसरी सहल आता होणार नाही. शिकलेल्या लेकीसमोर बाप गप्प बसतो, तेव्हा तो समाधानी असतोच असं नाही. ही गोष्ट मला पदवीनं शिकवली नाही आणि मीही कोणाला विचारली नाही.

आम्ही सात दिवस पाण्यावर राहिलो, अठरा मैल गेलो आणि अठरा मैल परत आलो. बाबांनी एक दार उघडलं.